ताई, अंगठा गेला का माझा?

ताई,
मी ३२ वर्षांची, मुलगी सात महिन्यांची. दोन-अडीच महिने झाले, उजव्या अंगठ्याच्या खाली, मनगटाच्या कडेला दुखतंय. आधी नुसतं अवघडल्यासारखं व्हायचं, आता बाटलीचं झाकण फिरवताना, कुलपात किल्ली फिरवताना आणि मुलीला उचलताना अशी सणक जाते की डोळ्यात पाणी येतं. ऑनलाइन मनगटाचा बेल्ट मागवला, पंधरा दिवस घातला, काही फरक नाही. व्हिडिओ बघून व्यायाम केले तर अजून वाढलं. डाव्या हाताच्या करंगळीला मधूनमधून मुंग्या येतात ते वेगळंच. बहीण म्हणते हे कार्पल टनेल, ऑपरेशनशिवाय जात नाही. नवरा म्हणतो फोन ठेव खाली, सगळं बरं होईल. पण ताई, दिवसभर बाळासोबत एकटी असते, फोन हाच विरंगुळा, ऑफिसचं अर्धं काम पण त्याच्यावरच. फोन सोडावाच लागेल का? आणि ऑपरेशन?
— रात्रपाळीतली आई

अगं रात्रपाळीतल्या आई,

तुझं पत्र रात्री दोन चाळीसला आलंय, मी वेळ बघितली. वर छापलंय ते काटछाट करून, मूळ पत्र याच्या चौपट होतं, आणि त्यात मध्येच तू लिहिलंयस की "मुलगी डाव्या हातावर झोपलीये, हलता येत नाहीये, म्हणून उजव्या हाताने एकटीनेच टाईप करतेय, चुका समजून घ्या." चुका समजून घेतल्या, पण बाई गं, तुझ्या दुखण्याचं अर्धं निदान त्या एका वाक्यात आहे. उजव्या हातात फोन, त्याच हाताचा अंगठा स्क्रीनवर, डाव्या हाताच्या कोपरात बाळाचं डोकं, कोपर घट्ट दुमडलेला, आणि हे रोज रात्री. उजवा अंगठा आणि डावी करंगळी, दोन्हीचा हिशोब लागतो.

आधी तुझ्या दोन प्रश्नांची उत्तरं देऊन टाकते म्हणजे जीव भांड्यात पडेल. ऑपरेशन बहुतेक लागणार नाही. फोन सोडायची गरज नाही, पण उजव्या अंगठ्याने फोन चालवणं काही आठवडे सोडावं लागेल आणि ते खरोखर सोडावं लागेल, "कमी केलंय ताई" वालं नाही. या दोन्हीत फरक आहे आणि तुझा नवरा आणि तू ज्या मुद्द्यावर भांडताय ना, तो नेमका हाच फरक न कळल्यामुळे भांडताय.

आता जरा नीट बघू. मी हातांच्या दुखण्याची फिजिओ, वीसेक वर्षं हेच करतेय, आणि पेशंट आत आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "हात दुखतोय". अहो पण कसा दुखतोय? आपल्या भाषेत दुखण्याला केवढे शब्द आहेत, ठणका वेगळा, कळ वेगळी, सणक वेगळी, चमक वेगळी, मुंग्या वेगळ्या, बधिर होणं वेगळं, आखडणं वेगळं, आणि डॉक्टरकडे गेल्यावर आपण हे सगळं घरी ठेवून जातो. तू पत्रात "सणक" लिहिलंस आणि "मुंग्या" लिहिलंस, दोन वेगळ्या हातांना दोन वेगळे शब्द, त्याने माझं काम सोपं झालं. हालचाल केली की सणक जाते, तेव्हा बहुतेक वेळा टेंडन कुरकुरत असतो, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. मुंग्या आणि बधिरपणा हे नसेचं काम. आपण दोन्हीला सरसकट "शीर" म्हणतो, शीर दबली शीर चढली, आणि तिथून गोंधळ सुरू होतो.

तुझ्या उजव्या हाताला जे झालंय असं मला वाटतं (वाटतं म्हणतेय, पत्रावरून हात बघता येत नाही) त्याला डी क्वेरव्हेन म्हणतात. फ्रिट्झ डी क्वेरव्हेन नावाच्या स्विस सर्जनने १८९५ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणजे फोन यायच्या कितीतरी आधी. त्या काळी इंग्रजीत याला धोबिणींची लचक म्हणायचे, कारण कपडे पिळून पिळून बायकांची मनगटं अशीच जायची. म्हणजे दुखणं जुनंच आहे, फोनने फक्त त्याला नवीन गिऱ्हाईक मिळवून दिलंय.

होतं काय ते सांगते. अंगठा वर कर, जसा आपण "मस्त" म्हणून दाखवतो तसा. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला एक हाडाचा उंचवटा हाताला लागेल, त्याच्यावरून दोन टेंडन अंगठ्याकडे जातात, एक अंगठा बाहेर ओढतो, दुसरा सरळ करतो. हे दोन्ही तिथे एका अरुंद बोगद्यातून जातात, खाली हाड, वर जाड पट्टीचं छप्पर. अंगठा हलला की टेंडन त्या बोगद्यात मागेपुढे सरकतात. दिवसभर सरकून सरकून, आणि मनगट वाकडं ठेवून सरकून, ते छप्पर जाड होत जातं, बोगदा अजून अरुंद होतो आणि मग प्रत्येक सरकण्याला घासणं होतं. गंमत म्हणजे आपण याला "सूज आली" म्हणतो, पण जुनं झालेलं दुखणं असेल तर तिथे खरी सूज फार नसते, ते आवरणच जाड झालेलं असतं. म्हणून बाम चोळून चोळून मनगट लाल होतं पण आतल्या जाड झालेल्या पट्टीला त्याचा पत्ताच लागत नाही. चोळू तर नकोसच, दाबून मालिश म्हणजे घासलेल्या दोरीला अजून घासणं.

आता तुझ्या अंगठ्याचा दिवस बघ. बाळाला काखेत हात घालून उचलतेस तेव्हा अंगठा आणि बोटं यांचा काटकोन होतो, मनगट करंगळीकडे वाकतं आणि सात-आठ किलो वजन त्या अंगठ्याच्या दोरीवर लटकतं. हे दिवसातून पंचवीस-तीस वेळा. त्या दोरीला विश्रांती कधी, तर बाळ झोपल्यावर. आणि बाळ झोपल्यावर आपण काय करतो, तोच हात, तोच अंगठा, तेच वाकडं मनगट, आणि स्क्रीनच्या त्या वरच्या कोपऱ्यापर्यंत अंगठा ताणून ताणून तास-दीड तास. बाळंतपणानंतर पहिल्या वर्षात हे दुखणं तसंही पुष्कळ आयांना होतं, फोन नसलेल्यांनाही. त्यामुळे सगळा दोष फोनचा नाही. बाळाने ते सुरू केलं असेल, फोन ते मिटू देत नाहीये.

तुला एक चाचणी व्हिडिओत दिसली असेलच, अंगठा मुठीत घ्यायचा आणि मूठ करंगळीकडे झुकवायची, जोरात सणक गेली तर डी क्वेरव्हेन. ही चाचणी हळू हाताने एकदाच कर. एकदाच! मी असे पेशंट बघितलेत जे रोज सकाळ-संध्याकाळ "बघू तरी कमी झालंय का" म्हणून ती चाचणी करतात आणि मग विचारतात कमी का होत नाही. शिवाय चांगल्या मनगटालाही त्यात थोडं ताणल्यासारखं होतंच, म्हणून नुसतं ताणलं गेलं याला अर्थ नाही, नेमक्या त्या उंचवट्यावर तुझी ओळखीची सणक आली तर अर्थ आहे. आणि दुसऱ्या हाताशी तुलना कर.

बहिणीला सांग की कार्पल टनेल हे वेगळं गाव आहे. तो बोगदा मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला असतो, त्यातून नऊ टेंडन आणि एक नस जाते, आणि ती नस दबली की अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येतात, करंगळीला नाही. रात्री जाग येते, माणूस हात झटकतो, झटकला की बरं वाटतं, हे "हात झटकणं" ऐकलं की आमचे कान टवकारतात. सकाळी वस्तू हातातून निसटतात. थायरॉईड, डायबिटीस आणि गरोदरपण यात ते जास्त दिसतं, आणि ते फोनमुळेच झालं असं छातीठोकपणे कुणी सांगत असेल तर मी मान डोलावणार नाही. तिथेही पहिला उपाय ऑपरेशन नसतोच, रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट, म्हणजे कडक पट्टीचा आधार, काही आठवडे, कधी इंजेक्शन. पण मुंग्या दिवसभर राहायला लागल्या किंवा अंगठ्याखालचा तळहाताचा फुगीर भाग बसायला लागला तर मात्र रेंगाळायचं नाही, कारण नस फार दिवस दबली की मग ऑपरेशन करूनही सगळं परत येईल याची खात्री नसते.

थोडं विषयांतर, पण तुला आवडेल. २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय साप्ताहिकात स्पेनमधली एक केस आली होती, आजाराचं नाव चक्क व्हॉट्सॲपायटिस. ३४ वर्षांची बाई, स्वतः डॉक्टर, २७ आठवड्यांची गरोदर, नाताळात ड्युटी होती म्हणून आलेल्या शुभेच्छांना दुसऱ्या दिवशी बसून उत्तरं दिली, किमान सहा तास. दुसऱ्या दिवशी उठली तर दोन्ही मनगटं दुखतायत. उपाय काय सांगितला, तर फोनवरून मेसेज पाठवणं पूर्ण बंद. आणि मग ३१ डिसेंबरला बाईंनी पुन्हा मेसेज पाठवले. डॉक्टर असून! मला ती केस म्हणूनच आवडते. दुसरी गोष्ट त्यात फोनचं वजन दिलंय, १३० ग्रॅम. आता तुझा फोन कव्हरसकट वजनकाट्यावर ठेवून बघ, बहुतेक मोठे फोन दोनशेच्या वर जातात.

आणि एक जराशी भीतीदायक, २०१५ ची, अमेरिकेतली. २९ वर्षांचा तरुण, फोनवर गोळ्या जुळवायचा गेम सहा ते आठ आठवडे दिवसभर खेळत होता आणि त्याच्या अंगठ्याचा टेंडनच तुटला. विशेष म्हणजे खेळताना त्याला दुखत नव्हतं, खेळात मन असलं की दुखणं कळत नाही. अशा गोष्टी क्वचित होतात, तुझं तसं होणार नाहीये, पण "स्क्रोल करताना तर दुखत नाही ताई, नंतर दुखतं" हे तू लिहिलं होतंस ना, त्याचं उत्तर म्हणून सांगितलं.

आता बेल्टकडे येते, कारण तिथे तुझे पैसे आणि पंधरा दिवस दोन्ही गेलेत. तू मागवलास तो मनगटाला गुंडाळायचा पट्टा. तो घालून अंगठा हलवून बघ, मोकळा हलतो की नाही? मग काय उपयोग, दुखणाऱ्या दोऱ्या अंगठ्याच्या आहेत. तुला हवा तो थंब स्पायका स्प्लिंट, त्यात एक पट्टी मनगटापासून अंगठ्याच्या बाजूने वर जाते आणि मनगट आणि अंगठ्याचं बूड दोन्ही धरून ठेवते, अंगठ्याचं टोक मोकळं राहतं. घालायचा तो अंगठा किंचित बाहेर, जसा आपण पेला धरतो तसा, आणि इतका घट्ट नाही की बोटं थंड पडतील किंवा अंगठ्याच्या पाठीला बधिरपणा येईल, त्या उंचवट्यावरूनच एक बारीक नस जाते, पट्टा तिच्यावर रुतला तर नवीनच दुखणं मागे लागतं. तीन ते सहा आठवडे. रात्री तर घालायचाच, दिवसा जितका जमेल तितका, दिवसातून दोन-तीनदा काढून हात धुवायचा, अंगठा हलकेच फिरवायचा, परत घालायचा. स्प्लिंट कडक आहे, बाळाला टोचेल अशी भीती वाटते, तर बाळाला घेताना वरून मऊ मोजा चढव, काही नाही होत.

माझं स्वतःचं सांगू? मलाही हे झालं होतं, बाळामुळे नाही, पेशंटचे हात दाबून दाबून आणि रात्री आडवं पडून फोन बघून. आणि दुसऱ्यांना स्प्लिंट बांधणारी मी, दोन महिने नुसतं "बघू, जाईल" करत बसले. शेवटी एके दिवशी हातातला कप सुटला, गरम पाणी पायावर, तेव्हा स्प्लिंट घातला. त्यामुळे तुला लेक्चर द्यायचा मला अधिकार नाही खरं तर, पण देतेय.

फोनचं काय करायचं. फोन हातात धरायचाच नाही, हे पहिलं. बाळाला पाजताना बाजूला उशी रचून त्याला टेकवून ठेव, स्टँड घेतलास तर उत्तमच, आणि दुसऱ्या हाताच्या तर्जनीने स्क्रीनला हात लाव. तर्जनी! अंगठा नाही. सुरुवातीला फार विचित्र वाटतं, म्हाताऱ्या माणसासारखं एका बोटाने टकटक, पण वडीलधारी माणसं असाच फोन वापरतात आणि त्यांना हे दुखणं फोनपायी होत नाही हे लक्षात घे. हातात धरावाच लागला तर डाव्या हाताच्या तळव्यावर सपाट ठेव, करंगळीवर फोनचं बूड टेकवून नको. (करंगळीला खड्डा पडतो, हाड वाकडं होतं असे फोटो फिरतात ना, ते हाड वाकल्याचं काही सिद्ध झालेलं नाही, कातडीवर वळ उठतो आणि जातो. पण तिथे दुखत असेल तर टेकवू नको, एवढं साधं.) टाईप करू नको, बोल. मराठीत बोललेलं फोन आता बऱ्यापैकी बरोबर टाईप करतो, चुका होतात त्या होऊ देत, अर्ध्या चुका तर करमणूक म्हणून चालतात. ऑफिसचं जे दोन ओळींपेक्षा जास्त असेल ते कॉम्प्युटरवर, दोन्ही हातांनी.

आणि खरं सांगू, सगळ्यात जास्त दुखवतं ते टाईप करणं पण नाही, स्क्रोल करणं, कारण टाईप करताना आपण थांबतो, विचार करतो, खोडतो. स्क्रोलला थांबा नाही. एकच हालचाल, तीच, तीच, तीच. तुझा विरंगुळा मला हिरावून घ्यायचा नाही, सात महिन्यांचं बाळ आणि एकटीचा दिवस, मला माहितीये ते काय असतं, पण काही आठवडे तो विरंगुळा कानाने घे, काहीतरी ऐक, किंवा एखादी लांबलचक गोष्ट लावून फोन दूर ठेवून बघ, ज्याला दर वीस सेकंदांनी अंगठा लावावा लागत नाही असं काहीतरी.

बाळाला उचलायची पद्धत बदल, हे फोनपेक्षाही महत्त्वाचं आहे आणि यावर कुणी बोलत नाही. काखेत अंगठे रोवून वर ओढायचं नाही. एक हात तिच्या बुडाखाली, एक पाठीखाली, तळवे वर, अंगठे बोटांना चिकटलेले, मनगटं सरळ, आणि स्वतः तिच्याजवळ वाकून, तिला छातीशी घेऊन मग उठायचं. जणू पाण्यात ओंजळ घालतोय असं. पाजताना तिचं डोकं तुझ्या मनगटाने तोलून धरू नको, उशीवर येऊ दे. पहिले चार दिवस विसरशील, सणक आठवण करून देईल.

दुखतंय तिथे बर्फ, कापडात गुंडाळून दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, विशेषतः संध्याकाळी. दुखणं कमी करायच्या गोळ्या किंवा जेल डॉक्टरांना विचारून घे, आणि अंगावर पाजतेस हे त्यांना न विचारता आपणहून सांग. मेडिकलमधून मनाने नको. ज्यांना ॲसिडिटीचा मोठा त्रास, अल्सर, किडनीचं काही आहे त्यांनी तर अजिबातच नको.

व्यायाम! तू आता करतेयस ते रबर बँड आणि मूठ दाबायचा बॉल आजपासून बंद. व्यायाम वाईट नाहीत, वेळ चुकलीये. घासलेली दोरी अजून जास्त घासून बरी होत नाही. आधी दुखणं शांत, म्हणजे अंगठा बाहेर-आत केला तरी सणक नाही, मग हळूहळू. मग सुद्धा पहिल्यांदा नुसती हालचाल, अंगठ्याचं टोक एकेका बोटाला लावायचं, मनगट वर-खाली, टेबलाच्या कडेला हात ठेवून. त्यानंतर ताकदीचे. नियम एकच वापर, दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखलं तर आदल्या दिवशी जास्त झालं, एक पायरी खाली ये. व्हिडिओवाला तुझी दुसऱ्या दिवशीची सकाळ बघायला येत नाही, म्हणून एकदा तरी जवळच्या फिजिओला प्रत्यक्ष हात दाखव.

हे सगळं चार-सहा आठवडे नीट करून फरक नसेल, किंवा आत्ताच इतकं दुखत असेल की बाळ उचलायची भीती वाटते, तर ऑर्थोकडे, म्हणजे हाडांच्या डॉक्टरकडे, किंवा हाताच्या सर्जनकडे जा आणि इंजेक्शनला घाबरू नको. स्टिरॉईड म्हटलं की लोक दचकतात. हे त्या बोगद्यातच थोडंसं टाकतात आणि डी क्वेरव्हेनमध्ये ते खूप जणांना चांगलं लागू पडतं, बऱ्याच जणांचं एकातच भागतं. टोचल्यावर एक-दोन दिवस दुखणं वाढू शकतं, त्याने घाबरून रात्री-बेरात्री फोन करू नये. टोचलं तिथली कातडी फिकी पडणं किंवा थोडी पातळ होणं हे कधीकधी होतं, डायबिटीस असेल तर काही दिवस साखर वर जाते. दोन-तीनच्या पुढे टोचत राहायचं मात्र नाही.

आणि ते ऑपरेशन, ज्याच्या नावाने बहिणीने तुझी झोप उडवलीये, ते म्हणजे बोगद्याचं छप्पर उघडून देणं. तेवढी जागा बधिर करून करतात, अर्ध्या तासाच्या आतलं काम, त्याच दिवशी घरी. काही जणांच्या त्या बोगद्यात मध्ये एक पडदा असतो, दोन खोल्या असल्यासारखं, इंजेक्शन एकाच खोलीत जातं आणि दुसरी तशीच राहते, अशांना ते लागू शकतं. धोका म्हणाल तर ती बारीक नस, जी मी स्प्लिंटच्या वेळी सांगितली, तिला धक्का लागला तर अंगठ्याची पाठ बधिर राहू शकते, म्हणून हाताची ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जन बघायचा. पण तू तिथे पोचायच्या आत बहुतेक बरी होशील, बाळंतपणानंतरचं हे दुखणं पुष्कळदा बाळ मोठं होता होता, उचलणं कमी होता होता स्वतःहूनही ओसरतं.

थांबायचं कधी नाही ते सांगते, घरगुती काहीही न करता सरळ डॉक्टर. मधे कधी हातावर पडली असशील आणि तेव्हापासून अंगठ्याच्या बुडाशी खळग्यात दुखतंय, तर ते फोनचं नाही, तिथलं छोटं हाड मोडलेलं असू शकतं आणि पहिल्या एक्स-रेत ते कधीकधी दिसतही नाही. मनगट लाल, गरम, सुजलेलं आणि ताप. अंगठा अचानक सरळच होईना. हाताची ताकद जातेय असं वाटणं. आणि अंगठा वाकवला की अडकतो आणि कट्कन आवाज होऊन सुटतो, हे डी क्वेरव्हेन नाही, ट्रिगर थंब, त्याची तातडी नाही पण उपाय वेगळा. पत्र वाचणाऱ्या पन्नाशीच्या पुढच्या बायकांसाठी अजून एक, अगदी अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यात दुखत असेल तर ती सांध्याची झीज असू शकते. चिमटीत एक किलोचा जोर लावला तर त्या मुळाच्या सांध्यावर बारा किलोच्या आसपास भार येतो असं एक जुनं गणित आहे, त्यावरून कळेल तो सांधा का कुरकुरतो.

तुझी डावी करंगळी राहिली. करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची नस कोपराच्या आतल्या कडेने जाते, तीच जी टेबलाला आपटली की झिणझिण्या येतात. कोपर घट्ट दुमडून ठेवला की ती ताणली जाते, आणि तुझ्या डाव्या कोपरात रात्रभर बाळ असतं, दिवसा त्याच हाताने फोन कानाला. बाळ झोपलं की दोन मिनिटांत तिला खाली ठेव किंवा हाताखाली उशी घेऊन कोपर उघडा ठेव, फोनवर बोलताना इयरफोन लाव, आणि झोपताना कोपराभोवती एक टॉवेल सैलसर गुंडाळ म्हणजे तो पूर्ण दुमडणार नाही. तीन-चार आठवड्यांत मुंग्या कमी व्हायला हव्यात. नाही झाल्या, किंवा बोटं फाकवायला जड जायला लागली, तर तोही हात दाखव, मान पण तपासून घे, मानेतून निघणारी नस दबली तरी हातात मुंग्या येतात आणि फोनवर मान घालून बसणाऱ्यांच्या माना तर काय विचारूच नको.

नवऱ्याला हे पत्र वाचायला दे. "फोन ठेव" म्हणणं सोपं आहे, त्याला म्हणावं रात्रीची एक फेरी तू घे, बाळाला तू उचल, ओले कपडे तू पिळ, झाकणं तू उघड, सहा आठवडे. माझ्या अनुभवात स्प्लिंटपेक्षा हे लवकर लागू पडतं.

आणि सहा आठवड्यांनी कळव कसंय ते. पण टाईप नको करू, बोलून पाठव, बाळ मागे रडत असलं तरी चालेल.

— ताई